सही होती म्हणून देश चालला

कागदावर सही केली की पैसा तयार होतो का? होतो. सही कोणाची आहे, एवढाच प्रश्न. १७८१ साली अमेरिकेत मोठी चमत्कारिक अवस्था होती. देशाच्या सहीला बाजारात कोणी विचारत नव्हतं, आणि फिलाडेल्फियातल्या एका व्यापाऱ्याच्या सहीवर मात्र सैन्याला पीठ आणि मांस मिळत होतं. त्या व्यापाऱ्याचं नाव रॉबर्ट मॉरिस. सतरा वर्षांनी हाच माणूस त्याच शहरात कर्जापायी तुरुंगात गेला.

अमेरिकेच्या आजच्या नोटांवर वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन, फ्रँकलिन ही मंडळी दिसतात. मॉरिस दिसत नाही. खरं तर पैशाचा धडा शिकायचा तर या सगळ्यांत तोच जास्त उपयोगाचा, कारण पत कशी उभी राहते आणि कशी कोसळते हे दोन्ही एकाच आयुष्यात पाहायला मिळतं.

मॉरिसचा जन्म १७३४ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. वडील तंबाखूच्या व्यापारात, अमेरिकेत मेरीलँडला. तेराव्या वर्षी मुलगा वडिलांकडे गेला, आणि तीनेक वर्षांतच वडील गेले. तेही कसे, तर एका जहाजाने त्यांच्या सन्मानार्थ तोफ डागली, तोफेतला बोळा उडून त्यांनाच लागला आणि ती जखम चिघळली. पोरका मुलगा फिलाडेल्फियात चार्ल्स विलिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करत होता. तिथेच तो वाढला आणि १७५७ साली मालकाच्या मुलाचा, थॉमस विलिंगचा, भागीदार झाला. 'विलिंग अँड मॉरिस' ही पुढे शहरातल्या बड्या पेढ्यांपैकी एक झाली. गहू, पीठ, साखर, तंबाखू आणि विमा हे त्यांचे धंदे. १७६० च्या दशकात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसंही या पेढीने विकली. मॉरिसच्या चरित्राचं हे पान झाकून ठेवण्यासारखं नाही, कारण त्याच्या पहिल्या भांडवलातला काही भाग तिथूनही आलेला आहे.

क्रांतीच्या बाबतीत हा गडी जरा सबुरीचा होता. २ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याच्या ठरावावर मतदान झालं तेव्हा मॉरिस आणि जॉन डिकिन्सन हे पेनसिल्व्हेनियाचे दोघे प्रतिनिधी सभागृहात आलेच नाहीत. ते न आल्यामुळे उरलेल्यांत तीन विरुद्ध दोन असं होऊन पेनसिल्व्हेनियाचं मत स्वातंत्र्याच्या बाजूने पडलं. घाई होतेय असं मॉरिसचं मत होतं. पण एकदा ठरल्यावर त्याने मागे पाहिलं नाही. ऑगस्टमध्ये त्याने जाहीरनाम्यावर सही केली. पुढे पहिल्या संघराज्याच्या करारावर आणि १७८७ च्या राज्यघटनेवरही त्याची सही आहे. या तिन्ही कागदांवर सही असलेली माणसं दोनच, मॉरिस आणि कनेक्टिकटचा रॉजर शर्मन.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. तेरा वसाहतींनी युद्ध तर पुकारलं, पण ते चालवणाऱ्या काँग्रेसला, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, एक छदामही कर बसवायचा अधिकार नव्हता. इंग्लंडच्या पार्लमेंटने विचारल्याशिवाय कर लावला म्हणून तर भांडण सुरू झालेलं. मग घरातच दुसरं पार्लमेंट कोण बसवून घेईल? काँग्रेसने राज्यांकडे मागणी करायची आणि राज्यांनी जमेल तेव्हा, जमेल तेवढं द्यायचं, अशी व्यवस्था होती. आपल्याकडे सोसायटीची वर्गणी ऐच्छिक ठेवली तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा.

मग युद्धाचा खर्च भागला कसा? नोटा छापून. 'काँटिनेंटल' म्हणून ओळखल्या गेलेल्या या नोटा १७७५ पासून निघाल्या. १७७९ मध्ये २० कोटी डॉलरची मर्यादा घालून छपाई थांबवावी लागली. या नोटेमागे सोनंचांदी नव्हती आणि करही नव्हता. पुढे कधीतरी राज्यं कर गोळा करून ती परत घेतील, एवढ्या आशेवर ती चालायची. आशा पातळ झाली तशी नोट पडली. १७८० मध्ये खुद्द काँग्रेसनेच ४० कागदी डॉलरना १ चांदीचा डॉलर असा भाव मान्य केला, आणि वर्षभरात तोही टिकला नाही. एखादी गोष्ट कवडीमोल आहे म्हणायचं तर 'काँटिनेंटलच्याही लायकीची नाही' असं बोलायची तिथे रीतच पडली.

या काळात मॉरिस काँग्रेसच्या गुप्त व्यापार समितीत होता. बाहेरून दारूगोळा आणायचा, त्या बदल्यात माल पाठवायचा, हे तिचं काम. डिसेंबर १७७६ मध्ये इंग्रज जवळ आले म्हणून काँग्रेस बाल्टिमोरला पळाली. मॉरिस फिलाडेल्फियात थांबला. इकडे सेनापती वॉशिंग्टनच्या बऱ्याच सैनिकांची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. आणखी सहा आठवडे थांबा, १० डॉलर बक्षीस देतो, असं त्याने कबूल केलेलं, पण देणार कुठून? शिवाय हेरांना कागदी नोटा चालत नव्हत्या, नाणीच हवी होती. त्याने मॉरिसला लिहिलं. मॉरिसने ५० हजार कागदी डॉलर जमवून धाडले, आणि हेरांसाठी एक थैली वेगळी पाठवली. तिच्यात काय होतं बघा: ४१० स्पॅनिश डॉलर, २ इंग्लिश क्राऊन, १ अर्धा फ्रेंच क्राऊन आणि साडेदहा शिलिंग. देशाचं भवितव्य ठरवणारी ही रक्कम वाण्याच्या गल्ल्यासारखी दिसते. बहुधा तशीच, ओळखीपाळखीतून गोळा केलेली असावी.

मात्र गुप्त समितीतली कंत्राटं बऱ्याच वेळा मॉरिसच्याच पेढीला मिळत, आणि सरकारी माल व खासगी माल एकाच जहाजात जाई. जहाज बुडालं की बुडालेला माल सरकारचा आणि पोहोचलेला माल मॉरिसचा, असा संशय लोक घेऊ लागले. लेखक टॉमस पेन आणि काँग्रेसमधले हेन्री लॉरेन्स यांनी उघड आरोप केले. चौकशीत त्याला निर्दोष ठरवलं गेलं, पण हिशेब इतके गुंतले होते की पुढे दीड-दोन दशकांनी जुळवणी झाली तेव्हा मॉरिसच सरकारचा हजारो डॉलरचा देणेकरी निघाला. लबाडी की अव्यवस्था? मला वाटतं दोन्हींच्या मधलं काहीतरी. त्या काळच्या व्यापाऱ्याला आपली थैली आणि देशाची थैली वेगळी ठेवायची सवयच नव्हती, आणि मॉरिसला तर ती आयुष्यभर लागली नाही. लोकांचा राग मात्र खरा होता. ऑक्टोबर १७७९ मध्ये महागाईने पेटलेल्या सशस्त्र जमावाने जेम्स विल्सन या वकिलाच्या घराला वेढा घातला. आत अडकलेल्यांत मॉरिसही होता. गोळीबार झाला, माणसं मेली.

अशा माणसाच्या हाती काँग्रेसने फेब्रुवारी १७८१ मध्ये देशाची तिजोरी दिली. दुसरा उपायच राहिला नव्हता. हुद्दा 'सुपरिंटेंडंट ऑफ फायनान्स', म्हणजे जवळजवळ अर्थमंत्री. मॉरिसने आधी अटी घातल्या: माझा खासगी व्यापार चालू राहील, आणि पैशाच्या कारभारात नको त्याला काढून टाकायचा अधिकार मला हवा. काँग्रेसने मुकाट्याने मान्य केलं. मदतनीस म्हणून त्याने गव्हर्नर मॉरिसला घेतलं. हे त्याचे नातेवाईक नव्हेत, आणि 'गव्हर्नर' हा हुद्दाही नव्हे. आईच्या माहेरचं आडनाव मुलाचं नाव म्हणून ठेवलेलं.

तिजोरी उघडली तर आत खडखडाट. तेव्हा मॉरिसने जे केलं ते आपल्या जुन्या सावकारांना लगेच कळलं असतं: त्याने स्वतःच्या नावावर हुंड्या काढल्या. 'मॉरिस नोटा' म्हणत त्यांना. त्यातही दोन जाती. हाती देताच पैसे मिळणारी ती दर्शनी हुंडी. काही मुदतीनंतर पैसे मिळणारी ती मुदती हुंडी. रॉबर्टचं लाडकं रूप बॉब, म्हणून लोकांनी पहिलीला 'शॉर्ट बॉब' आणि दुसरीला 'लाँग बॉब' असं नाव ठेवलं. या कागदावर सैन्याचे पुरवठादार माल देत. का देत? मॉरिसची जहाजं, गोदामं, युरोपातले संबंध हे सगळं त्यांना माहीत होतं. वीस-पंचवीस वर्षांत त्याची हुंडी सहसा न वटता परत गेली नव्हती. देशाने फसवलं तर दाद मागायची कोणाकडे? मॉरिसने फसवलं तर त्याच्या दारात जाऊन बसता येत होतं.

पत म्हणजे नुसती श्रीमंती नव्हे. सांगितलेल्या दिवशी पैसे मिळतील असा दुसऱ्याचा अंदाज, म्हणजे पत. हा अंदाज पक्का असेल तर रोकड पेटीत असायची गरजही फारशी पडत नाही, कारण सगळे एकदम मागायला येत नाहीत. अंदाज डळमळला की सगळे एकाच दिवशी येतात.

त्याच ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनने न्यूयॉर्कचा नाद सोडून सैन्य दक्षिणेला व्हर्जिनियाकडे वळवलं. तिथे यॉर्कटाऊनला इंग्रज जनरल कॉर्नवॉलिस तळ ठोकून होता आणि समुद्राच्या बाजूने फ्रेंच आरमार येणार होतं. वाटेत उत्तरेकडचे सैनिक कुरकुरू लागले: महिनोन्‌महिने पगार नाही, आणि आता परमुलखात चाललोय. निदान एका महिन्याचा पगार नाण्यांत द्या, असं वॉशिंग्टनने मॉरिसला कळवलं. मॉरिसने फ्रेंच सेनापती रोशांबोकडून २० हजार चांदीचे डॉलर उसने घेतले, १ ऑक्टोबरला परत करीन या बोलीवर. सप्टेंबरच्या सुरुवातीला मेरीलँडमधल्या हेड ऑफ एल्क या ठिकाणी सैनिकांच्या हातावर खणखणीत नाणी पडली. कित्येकांना सैन्यात मिळालेली ती पहिलीच चांदी होती.

मॉरिसने आपल्या खिशातून क्रांती लढवली अशी दंतकथा अजून ऐकू येते. ती अर्धी खरी आहे. हेड ऑफ एल्कची चांदी फ्रेंचांची होती. त्याच सुमारास बोस्टनला उतरलेली मोठी रक्कमही फ्रेंचांचीच. मॉरिसने दिला तो मुख्यतः भरवसा. दुसऱ्याचा पैसा हव्या त्या दिवशी हव्या त्या जागी पोहोचवायचा आणि मधल्या काळात स्वतःचं नाव जामीन ठेवायचं, हे त्याचं कसब. ते खिशातून पैसे देण्यापेक्षा अवघड असतं.

१९ ऑक्टोबर १७८१ ला कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. (हा कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात मराठी फौजा त्याच्या बाजूने टिपूविरुद्ध उभ्या होत्या. अमेरिकेत हरलेला सेनापती आपल्या इतिहासात येतो तो जिंकणारा म्हणून.) विजयाची बातमी घेऊन स्वार फिलाडेल्फियाला पोहोचला, तर त्याचा वाटखर्च द्यायलाही तिजोरीत नाणं नव्हतं. काँग्रेसच्या सदस्यांनी प्रत्येकी एक-एक डॉलर काढून त्याचे पैसे भागवले.

जानेवारी १७८२ मध्ये मॉरिसची बँक उघडली: बँक ऑफ नॉर्थ अमेरिका. ४ लाख डॉलरचं भांडवल, ४०० डॉलरचा एक भाग (शेअर). लोकांनी फार थोडे भाग घेतले. मग मॉरिसने बोस्टनला उतरलेली फ्रेंच चांदी बैलगाड्यांवर घालून फिलाडेल्फियाला आणली आणि तिच्यातले अडीच लाखांच्या आसपास डॉलर सरकारतर्फे बँकेत भाग म्हणून घातले. बँक उभी राहिल्यावर त्याच बँकेकडून सरकारने त्याहून जास्त कर्ज काढलं. ऐकायला हातचलाखी वाटेल. पण तीच चांदी थेट वाटली असती तर महिन्याभरात संपली असती. बँकेच्या तळाशी ठेवल्यामुळे तिच्यावर नोटा काढता आल्या, व्यापाऱ्यांना कर्जं देता आली, आणि 'ही नोट नेली की चांदी मिळते' असा अनुभव गावात पसरला. आज आपल्या गल्लीतली पतसंस्थासुद्धा याच गृहीतकावर चालते. सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहणार नाहीत, हे ते गृहीतक.

त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, फिलाडेल्फियाच्या व्यापाराच्या रक्षणासाठी डेलावेअर नदीत उतरलेल्या एका जहाजाने 'जनरल मंक' ही इंग्रजांची लढाऊ नौका पकडली. त्या अमेरिकन जहाजाचं नाव होतं 'हैदर अली'. म्हैसूरचा सुलतान इंग्रजांना जेरीस आणतोय ही खबर तिथवर पोहोचली होती. पकडलेल्या नौकेचं नाव बदलून तिला 'जनरल वॉशिंग्टन' केलं गेलं, आणि पुढे मॉरिसच्या कारकिर्दीत सरकारी टपाल-कागदपत्रं घेऊन ती युरोपच्या खेपा करत असे.

पण मॉरिसला पक्कं ठाऊक होतं की एका माणसाच्या सहीवर देश फार दिवस चालत नाही. जुलै १७८२ मध्ये त्याने काँग्रेसला सार्वजनिक कर्जाविषयी एक मोठा अहवाल दिला. हा त्याच्या कारकिर्दीचा गाभा, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

युद्धात देशावर कर्ज झालं. मुद्दल एकदम फेडणं अशक्य. मॉरिसचं म्हणणं, मुद्दलाची घाई करूच नका. व्याज मात्र ठरल्या दिवशी चुकता दिलंच पाहिजे, आणि त्यासाठी विशिष्ट कर कायमचे बांधून ठेवा: आयात मालावर जकात, जमिनीवर कर, माणशी कर, दारूवर कर. व्याज नियमित मिळतंय म्हटल्यावर सरकारी रोखा हातात धरून बसायला लोक तयार होतील, त्याचा भाव वाढेल, गरज पडली तर तो विकता येईल, आणि पुढच्या वेळी सरकारला स्वस्तात कर्ज मिळेल. शिवाय ज्यांच्याकडे रोखे आहेत ते लोक सरकार टिकावं म्हणून झटतील, कारण सरकार बुडालं तर त्यांचा पैसा बुडणार. आठ वर्षांनी पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने जी योजना अमलात आणली आणि जिच्यामुळे त्याचं नाव झालं, तिचा सांगाडा इथेच आहे. हॅमिल्टनने अगदी तरुणपणी, १७८१ मध्ये, मॉरिसला बँकेविषयी लांबलचक पत्र लिहिलं होतं. दोघांचं गणित जुळत होतं.

गणित बरोबर होतं, पण राजकारण आडवं आलं. आयातीवर ५ टक्के जकात बसवायची तर तेराही राज्यांची संमती हवी. बाराजणांनी कमीअधिक कुरकुरत मान्य केलं. नोव्हेंबर १७८२ मध्ये ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने साफ नाही म्हटलं, आणि पाठोपाठ व्हर्जिनियाने दिलेली संमती काढून घेतली. ऱ्होड आयलंडचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. बंदरातून मिळणारी जकात हीच त्यांची कमाई, आणि केंद्राला एकदा चटक लागली की थांबणार कुठे? पण परिणाम असा की योजना मेली.

जानेवारी १७८३ मध्ये मॉरिसने राजीनामा पाठवला. फेडीची आशा दिसत नसताना कर्ज वाढवत नेणं माझ्या सचोटीत बसत नाही, अन्यायाचा मंत्री मला व्हायचं नाही, अशा अर्थाचं पत्र होतं ते. तरी घरी जाणाऱ्या सैन्याला तीन महिन्यांचा पगार द्यायचा म्हणून तो थांबला, आणि हजारो नोटांवर स्वतःच्या हाताने सह्या करत बसला. नोटा तयार होईपर्यंत बरेच सैनिक रिकाम्या हाताने घराकडे निघून गेले होते. ज्यांना मिळाल्या त्यांतल्या अनेकांनी पडत्या भावात दलालांना विकल्या. आता या सह्यांमागे पैसा कुठला, तर मॉरिसने युरोपात काढलेल्या हुंड्यांचा, तिथे शिल्लक नसताना काढलेल्या. त्या परत जाण्याची वेळ आली तेव्हा अमेरिकेचा युरोपातला राजदूत जॉन अ‍ॅडम्सला ऐन जानेवारीच्या थंडीत, १७८४ मध्ये, समुद्र ओलांडून अ‍ॅमस्टरडॅम गाठावं लागलं आणि तिथल्या सावकारांकडून नवं कर्ज उभं करावं लागलं. एका हुंडीचं देणं दुसऱ्या हुंडीने भागवायचं, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर घालायची, ही मॉरिसची सवय होती. या खेपेला ती निभावली. त्याच वर्षाच्या शेवटी तो पायउतार झाला.

नंतरची काही वर्षं त्याच्या वैभवाची. २२ फेब्रुवारी १७८४ ला न्यूयॉर्कहून 'एम्प्रेस ऑफ चायना' हे जहाज जिनसेंग या औषधी वनस्पतीची मुळं घेऊन चीनच्या कँटन बंदराकडे निघालं. त्यात मॉरिसचा मोठा वाटा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या चहावरून ज्या देशाने युद्ध छेडलं, तो आता स्वतःच्या जहाजाने चहा आणायला निघाला होता. १७८७ मध्ये राज्यघटना लिहायला सगळे फिलाडेल्फियात जमले तेव्हा वॉशिंग्टन मॉरिसच्याच घरी उतरला. त्या सभेच्या अध्यक्षपदासाठी वॉशिंग्टनचं नाव मॉरिसने सुचवलं आणि मग महिनोन्‌महिने मॉरिस जवळजवळ काहीच बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार त्या घटनेत आला, आणि त्याला हवं होतं ते तेवढंच. पुढे तो सिनेटर झाला. फिलाडेल्फिया दहा वर्षांसाठी राजधानी झाली, तेव्हा त्याने आपलं घर राष्ट्राध्यक्षांना राहायला दिलं. वॉशिंग्टन आणि नंतर अ‍ॅडम्स तिथेच राहिले.

आणि मग जमीन. जमिनीचा नाद काय असतो हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. महामार्ग येणार म्हणून ऐकलं की विसार देऊन एकरांवर एकर अडकवून ठेवणारे आपण पाहतोच. मॉरिसचा हिशेब तोच होता, फक्त एकरांऐवजी लाखांत. युरोपातून माणसं येणार, त्यांना जमीन लागणार. आज पैशांत घेतलेली उद्या रुपयांत जाईल. सुरुवातीला जमलंही. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातली दहाएक लाख एकर जमीन त्याने लंडनच्या मंडळींना नफ्याने विकली. मग आणखी घेतली आणि त्यातली ३३ लाख एकर हॉलंडच्या सावकारांना विकली. ही जमीन मुळात सेनेका लोकांची. विकली गेली आधी. त्यांच्याकडून हक्क सोडवून घेण्याचा करार झाला १७९७ मध्ये, १ लाख डॉलरच्या बदल्यात. तो करायला मॉरिसचा मुलगा गेला. बापाला तोवर घराबाहेर पडायची सोय राहिली नव्हती.

कारण मधल्या काळात सगळं बिनसलं होतं. डिसेंबर १७९३ मध्ये मॉरिस, जॉन निकल्सन आणि जेम्स ग्रीनलीफ या तिघांनी नव्या राजधानीत, म्हणजे वॉशिंग्टन शहरात, ६००० प्लॉट घेतले. प्रत्येकी ८० डॉलर, पैसे सात वर्षांच्या हप्त्यांत, शिवाय दरवर्षी विटांची वीस घरं बांधायची अट. भांडवल हॉलंडहून आणायची जबाबदारी ग्रीनलीफची. १७९५ च्या जानेवारीत फ्रेंच फौजा हॉलंडमध्ये घुसल्या आणि तो झरा आटला. तिघांनी मग 'नॉर्थ अमेरिकन लँड कंपनी' काढली: सहा राज्यांत मिळून ६० लाख एकर, १०० डॉलरचे ३० हजार भाग, आणि वर ६ टक्के लाभांशाची हमी. एकर कागदावर होते. जमिनीचा बराच हिस्सा जॉर्जियाच्या रेताड पाइन-रानांत होता. भाग खपले नाहीत.

हप्ते तर थांबत नाहीत. मग मॉरिस आणि निकल्सन एकमेकांच्या वचनचिठ्ठ्यांवर सह्या करू लागले. तू माझा जामीन, मी तुझा जामीन. एकट्यापेक्षा दोघांची सही भक्कम, असं बाजाराला वाटावं. पण दोघांचीही मालमत्ता तीच, तिथलीच, तशीच गहाण पडलेली. एक बुडाला तर दुसरा बुडणारच. लक्षावधी डॉलरच्या अशा चिठ्ठ्या बाजारात फिरू लागल्या आणि त्यांचा भाव डॉलरला काही सेंटांवर आला. एकेकाळी जी सही देशाच्या सहीपेक्षा भारी होती, ती आता रद्दीच्या भावात जात होती. १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं, अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना पैसा आखडला, आणि उरलीसुरली वाट बंद झाली.

मला इथे एक गोष्ट फार खटकते. पंधरा वर्षांपूर्वी याच माणसाने काँग्रेसला ठणकावून सांगितलं होतं, व्याजापुरतं कायमचं उत्पन्न बांधल्याशिवाय कर्ज काढू नका. देशाला निदान कर बसवता येतो. शंभर वर्षं थांबून फेडता येतं, कारण देशाला म्हातारपण नसतं. साठी ओलांडलेल्या मॉरिसकडे ना कर होता, ना शंभर वर्षं. रानातली जमीन व्याज देत नाही; ती विकली जाईपर्यंत फक्त हप्ता मागते. हे त्याला कळत नव्हतं असं म्हणवत नाही. तीस वर्षं प्रत्येक वेळी ऐन टोकाला काहीतरी जमून आलं होतं: एखादं जहाज, फ्रेंचांची चांदी, हॉलंडचं कर्ज. अशा माणसाला याही खेपेला जमेल असंच वाटत राहतं.

त्यातही मोठेपणाची हौस. वॉशिंग्टन शहराचा आराखडा करणाऱ्या लाँफांकडून त्याने चेस्टनट स्ट्रीटवर विटा-संगमरवराचा वाडा बांधायला घेतला. कर्ज वाढत गेलं, वाडा काही पुरा होईना. छत येईतो मालक बुडाला. लोकांनी त्याला 'मॉरिसचा वेडेपणा' असं नाव दिलं आणि शेवटी तो पाडून दगड विकले.

१७९७ च्या अखेरीस मॉरिस शहराबाहेर स्कूलकिल नदीकाठच्या आपल्या बंगल्यात दारं लावून बसला. धनको बाहेर शेकोट्या पेटवून पहारा देत. फेब्रुवारी १७९८ मध्ये त्याला पकडून प्रून स्ट्रीटच्या कर्जदारांच्या तुरुंगात नेलं. त्या काळी कर्ज बुडवणं म्हणजे तुरुंगच, आणि कैद किती दिवसांची ते धनको ठरवणार. कोंडलेला माणूस कमावणार काय आणि फेडणार काय, हे विचारायचं नाही. त्याच वर्षी जेम्स विल्सन, ज्याच्या घरात मॉरिस जमावाच्या वेढ्यात अडकला होता तो, आता सुप्रीम कोर्टाचा न्यायमूर्ती असूनही धनकोंपासून लपत फिरत नॉर्थ कॅरोलायनात वारला. निकल्सन १८०० मध्ये तुरुंगातच गेला.

नोव्हेंबर १७९८ मध्ये वॉशिंग्टन कामानिमित्त फिलाडेल्फियात आला होता. तुरुंगात जाऊन त्याने मॉरिस पती-पत्नीबरोबर जेवण घेतलं.

१८०० मध्ये काँग्रेसने दिवाळखोरीचा पहिला राष्ट्रीय कायदा केला. दिवाळं जाहीर होऊन, असेल ते धनकोंना वाटून माणूस मोकळा होऊ शकतो, ही त्यातली नवी गोष्ट. या कायद्याखाली ऑगस्ट १८०१ मध्ये मॉरिस सुटला. सिद्ध झालेली देणी जवळपास ३० लाख डॉलर होती.

उरलेली पाच वर्षं चालली ती बायकोच्या पैशावर. मेरी मॉरिसला वर्षाला १५०० डॉलर मिळत. तिचा एका जमिनीवरचा हक्क हॉलंडच्या कंपनीला हवा होता; त्या सहीच्या बदल्यात ही रक्कम पदरात पाडून दिली होती गव्हर्नर मॉरिसने. रॉबर्ट मॉरिस ८ मे १८०६ ला वारला. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं की मोठी संपत्ती मिळवली होती, ती घरच्यांबरोबर उपभोगावी आणि मागे राहतील त्यांना वाटावी अशी इच्छा होती, दैवाच्या मनात ते नव्हतं. वाटायला जे होतं त्यात सोन्याचं घड्याळ मुलाला गेलं, आणि एका फ्रेंच निर्वासिताकडून विकत घेतलेली दुर्बीण गव्हर्नर मॉरिसला.